न वाचलेल्या लेखांची कात्रणं

‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवलेला लेख बहुतेक वेळा वाचला जात नाही, हे आता कुणाला पटवून द्यायची गरज उरलेली नाही. वाचायची आवड असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये असा साठा आहे, आणि तो एका जागी नसतो. थोडा ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये, थोडा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत, थोडा स्क्रीनशॉट होऊन फोटोंमध्ये, आणि उरलेला उघड्या राहिलेल्या टॅबमध्ये. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये टॅब शंभरावर गेले की आकड्याच्या जागी हसऱ्या चेहऱ्याची खूण येते. तिथे मोजणंच थांबतं. साठा असा वाढला की त्याची दोन कारणं ठरल्यासारखी सांगितली जातात. वेळ मिळत नाही, नाहीतर आळस फार झाला. मला ही दोन्ही खरी वाटत नाहीत, आणि त्यांच्यावर विसंबून केलेले उपाय चार दिवसही टिकत नाहीत, हे अनुभवाने पक्कं झालं आहे. खरं कारण क्रमात आहे. आपण वाचण्याआधी साठवतो. कात्रणं काढणाऱ्यांचा क्रम बरोबर याच्या उलट होता. तो क्रम परत आणल्याशिवाय हा ढीग हलत नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

कात्रण कसं निघायचं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सकाळी आलेला पेपर आधी घरातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. त्यातला एखादा लेख मनात राहिलाच, तर दुसऱ्या दिवशी, पेपर शिळा झाल्यावर, कात्री हातात घेतली जायची. ताज्या पेपराला कात्री लावली तर बोलणी बसायची. कापण्याआधी पान उलटून पाहावं लागे, कारण पाठीमागे दुसऱ्या कुणाचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं असू शके. मग कडेला पेपराचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहायची, जुन्या हिशेबाच्या वहीत खळीने चिकटवायचं, आणि कागद फुगून वही मिटेनाशी झाली की वर वजन ठेवायचं. एवढ्या खटाटोपाला पात्र ठरायला लेख आधी वाचलेला आणि आवडलेला असावाच लागे. न वाचलेल्या लेखाचं कात्रण कुणी काढत नसे. ज्या पानांना कात्री लागली नाही ती महिनाअखेरीस रद्दीत जायची. रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा राहिला की बाजूला काढून ठेवलेल्या रविवार पुरवणीचा निकाल तिथल्या तिथे लागे: आत्ता वाचायची, की जाऊ द्यायची. लिंक साठवायला यातलं काहीच करावं लागत नाही. अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो. कपाट भरत नाही, वही फुगत नाही आणि रद्दीवाला कधी येत नाही. जागा अपुरी होती म्हणून निवड होत होती. जागेचा प्रश्न सुटला आणि त्याबरोबर निवडही गेली.

वेळेच्या सबबीचा हिशेब आधी करू. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ मध्ये वाचनाच्या वेगावरच्या १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात प्रौढ माणसाचा, इंग्रजीतला ललितेतर मजकूर मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. मराठीत आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात, म्हणून सावधपणे मिनिटाला २०० धरू. दीड हजार शब्दांचा लेख मग साडेसात मिनिटांत वाचून होतो. दिवसाला ४ लेख साठवणाऱ्याला ते सगळे वाचायला रोज अर्धा तास पुरे आहे. ज्याच्या हातात फोन आहे त्याच्याकडे अर्धा तास नाही, असं म्हणता येत नाही. लेख सापडले तेही त्याच फोनवर फिरता फिरता. तरीही, समजा, आठवड्याला वाचून होतात ३ आणि साठतात २८. याचा परिणाम समजून घ्यायला रांगेच्या गणितातला एक नियम उपयोगी पडतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेची सरासरी लांबी म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला सरासरी थांबावं लागणारा वेळ, इतका तो सोपा आहे, आणि बँकेच्या रांगेला लागू पडतो तसाच तो लेखांच्या यादीलाही पडतो. यादी फुगत असेल तर मात्र येण्याच्या वेगाऐवजी बाहेर पडण्याचा वेग धरावा लागतो. यादीत ९०० लेख असतील आणि आठवड्याला ३ बाहेर पडत असतील, तर आज शेवटी उभ्या राहिलेल्या लेखाची पाळी ३०० आठवड्यांनी, म्हणजे पावणेसहा वर्षांनी येणार. वेग दुप्पट केला, तरी आठवड्याला ६ जातील आणि २२ मागे राहतील. जलद वाचनाचे वर्ग, वाचनाची नवनवी ॲप्स, रविवारी बसून फडशा पाडण्याचे संकल्प, हे सगळे रांगेच्या चुकीच्या टोकाला काम करतात. दाराशी गर्दी तशीच राहते.

मग वेळ असूनही तीनच का वाचून होतात? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर वाचनाबद्दलच्या संशोधनात नाही, ते चहा-केकच्या कुपनांत आहे. सुझान शू आणि आयलेट ग्नीझी यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आनंदाच्या गोष्टी आपण का लांबणीवर टाकतो याविषयी होता. त्यांनी काही लोकांना एका उपाहारगृहाची भेट-कुपनं दिली. काहींच्या कुपनाची मुदत ३ आठवडे होती, काहींच्या २ महिने. लांब मुदत मिळालेल्यांना आपण कुपन नक्की वापरू याचा भरवसा जास्त होता. प्रत्यक्षात ३ आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्के लोक गेले आणि २ महिनेवाल्यांपैकी फक्त ६ टक्के. गट लहान होते, पण फरक लहान नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की शहरात कायम राहणारे लोक तिथली प्रेक्षणीय स्थळं पाहायचं टाळत राहतात आणि चार दिवसांसाठी आलेला पाहुणा ती पाहून जातो. मुदत म्हणजे जाच, असं आपण समजतो. इथे मुदतीनेच आनंद पदरात पडला. साठवलेल्या लेखाला कसलीच मुदत नसते, म्हणून तो सदैव ‘उद्या’त राहतो.

मराठी वाचकाला हे कुपनाशिवायही कळायला हवं, कारण आपलं वाचन वाचनालयाच्या शिक्क्यावर वाढलेलं आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली ती चिठ्ठी आठवा: एकाखाली एक, जांभळ्या शाईतल्या, थोड्या तिरक्या उठलेल्या तारखा. त्यातली शेवटची तारीख आपली. तिच्या आदल्या रात्री किती पुस्तकं वाचून संपली असतील! दिवाळी अंकांचं तेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि दर वर्षी निघणारे शेकडो अंक विकत घेणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून वाचनालयं ठरावीक वर्गणीत अंक फिरवतात. आज नेलेला अंक दोन-तीन दिवसांत परत करायचा, कारण पुढचा वाचक वाट पाहतोय. फिरतीतला अंक वाचून होतो. विकत घेतलेला अंक मात्र संक्रांत उलटली तरी वेष्टणात पडून राहिलेला दिसतो, कारण तो आपल्याच मालकीचा आहे आणि कुठे जाणार नाही. साठवलेल्या लिंका या दुसऱ्या प्रकारात मोडतात. मालकीची खात्री झाली की वाचनाची निकड संपते.

साठवलं तर निदान लक्षात तरी राहील, अशी एक समजूत असते. पुरावा उलट्या दिशेला झुकतो. बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग मांडले. एकात लोकांना सामान्य माहितीची वाक्यं संगणकावर टाइप करायला दिली. ती पुसली जाणार आहेत असं ज्यांना सांगितलं त्यांना ती अधिक आठवली. जपून ठेवली जातील असं ज्यांना वाटलं त्यांना कमी. त्याच निबंधातला एक वेगळा प्रयोग २०१८ मध्ये इतरांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा मूळ निष्कर्ष हाती आला नाही. म्हणून या एका निबंधावर सगळा भार टाकणं बरोबर होणार नाही. पण लिंडा हेंकेल यांचा २०१४ मधला संग्रहालयातला अभ्यास त्याच बाजूला बोट दाखवतो. लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, कमी लक्षात राहिल्या. मात्र वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितल्यावर हा तोटा दिसला नाही. मला या दुसऱ्या निष्कर्षाचं महत्त्व जास्त वाटतं. संपूर्ण वस्तू यंत्राच्या हवाली केली तेव्हा मनाने हात झटकले, आणि ‘यातलं नेमकं काय टिपू’ हे ठरवावं लागलं तेव्हा मन कामाला लागलं. अख्खा लेख ‘सेव्ह’ करणं ही पहिली कृती आहे. हवं तेवढंच कात्रण नेमकं कापणं ही दुसरी.

याच्या जोडीला एक धोका आहे, आणि तो व्हॉट्सॲपच्या गटांत रोज दिसतो. एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं आढळलं की एखादा लेख इतरांना पाठवला, तर तो न वाचताही त्या विषयातलं आपल्याला जास्त कळतं असं पाठवणाऱ्याला वाटू लागतं. तो अभ्यास पाठवण्याबद्दल आहे, साठवण्याबद्दल नाही, आणि दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण ज्या कुणाच्या फोनमध्ये हवामानबदलावरचे ४० न वाचलेले लेख आहेत, त्याने स्वतःला विचारावं: या विषयावर बोलताना आपल्या आवाजात जो ठामपणा येतो, तो वाचलेल्यातून येतो की साठवलेल्यातून?

साठवलेलं टिकतं, हा तर सर्वांत मोठा गैरसमज. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासलं, तेव्हा २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याआधी हार्वर्डमधल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या लिंकांपैकी निम्म्या मूळ मजकुरापर्यंत पोहोचवत नाहीत. न्यायालयाच्या निकालाची ही गत, तर आपल्या बुकमार्कची काय कथा! मराठीत यात एक खास अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्या वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापले फाँट वापरत. त्या काळात कुणी पान जसंच्या तसं उतरवून ठेवलं असेल, तर तो फाँट नसलेल्या आजच्या संगणकावर तिथे देवनागरी दिसत नाही, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन कालवा दिसतो. लेख आहे, फाइल शाबूत आहे, आणि वाचता एक ओळ येत नाही.

जिथे साठवतो ती घरंही भाड्याची आहेत. संकेतस्थळांवरचे लेख एका जागी वाचायची सेवा गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. लेख साठवायचं ॲप ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झालं आणि वापरणाऱ्यांना आपला साठा बाहेर काढायला मोजके दिवस मिळाले. या सगळ्यांत मोठं नाव पॉकेट. नेट वायनर यांनी २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावाने ते सुरू केलं, २०१२ मध्ये त्याचं नाव पॉकेट झालं, २०१७ मध्ये मोझिलाने ते विकत घेतलं, आणि ८ जुलै २०२५ रोजी ते बंद झालं. बंद होताना आपली यादी उतरवून घ्यायची सोय होती. ती फाइल एक्सेलमध्ये उघडली की हा सगळा विषय एका पानावर दिसतो. पाच रकाने: शीर्षक, पत्ता, साठवल्याची वेळ, खुणा, स्थिती. साठवल्याची वेळ तारखेसारखी लिहिलेली नसते. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, तो दहा आकडी आकडा असतो. १५८७ ने सुरू होणारे आकडे एप्रिल २०२० च्या दुसऱ्या पंधरवड्यातले, म्हणजे टाळेबंदीतले. घरात बसून ‘आता तरी वाचून काढू’ असं म्हणण्याचे ते दिवस. खुणांचा रकाना पुष्कळदा रिकामा. आणि शेवटच्या रकान्यात, वरून खाली, एकच शब्द पुन्हा पुन्हा: अनरीड, अनरीड, अनरीड.

यावर सुशिक्षित वाचकाचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. इटालियन लेखक उंबेर्तो एकोंच्या घरी ३० हजार पुस्तकं होती. न वाचलेली पुस्तकं वाचलेल्यांपेक्षा अधिक मोलाची, कारण ती आपल्या अज्ञानाची जाणीव ठेवतात, असं नसीम तालेब यांनी ‘द ब्लॅक स्वान’मध्ये एकोंच्याच संग्रहाचा दाखला देऊन मांडलं. जपानी भाषेत तर पुस्तकं घेऊन न वाचता रचून ठेवण्याला ‘त्सुंदोकु’ असा शब्दच आहे. हा विचार मला मान्य आहे, पण तो कपाटाला लागू पडतो. कपाटातल्या पुस्तकाची पाठ रोज डोळ्यांसमोर येते. धूळ झटकताना हात लागतो, पाहुणा एखादं काढून चाळतो, घरातलं पोर कधीतरी उचलतं. न वाचलेलं पुस्तक असं घराशी बोलत राहतं. लिंकेला पाठ नसते. ती यादीत खाली सरकली की तिच्याबरोबर आपलं अज्ञानही दिसेनासं होतं. शिवाय एको यांच्यासाठी तो संग्रह कामाचं साधन होता. काय कुठे आहे ते ठाऊक असलेल्या माणसाचा संग्रह आणि काय आहे तेच आठवत नसलेल्या माणसाचा साठा यांना एका मापाने मोजता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: कधी लागेल ते सांगता येत नाही, लागलं की शोधू. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. काही मजकूर वाचण्यासाठी नसतोच, वापरण्यासाठी असतो. सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, भाडेकरार नोंदवताना काय काय लागतं, अनारशाचं पीठ बिघडलं तर काय करावं. याला मी संदर्भ म्हणते. संदर्भावर ‘वाचायचा आहे’ असं ओझं घालायचं कारण नाही. तो ज्या कामाचा, त्या कामाच्या नावाच्या फोल्डरमध्ये जावा, आणि लिंक न ठेवता पानाची पीडीएफ ठेवावी. गोंधळ होतो तो संदर्भ आणि वाचन एकाच ढिगात पडतात तेव्हा. शंभरातले बरेचसे संदर्भ असतात आणि आपण शंभर लेख वाचायचे राहिले म्हणून मनाला खात बसतो.

तिसरा आक्षेप अलीकडचा. कृत्रिम बुद्धिमत्ता आता प्रत्येक लेखाचा सारांश काढून देते, मग अडचण काय? बातमीचा, अहवालाचा, सरकारी परिपत्रकाचा सारांश खुशाल घ्यावा. सारांशाने भागत असेल तर तो लेख यादीतून तेव्हाच काढून टाकावा. पण ९०० लेखांचे ९०० सारांश हाही एक ढीगच आहे. आणि ज्या लेखासाठी आपण थांबलो होतो तो बहुधा माहितीसाठी नव्हता. एखाद्या नदीकाठच्या गावावरचं दहा पानी रिपोर्ताज, एखाद्या गायिकेची दीर्घ मुलाखत, व्यक्तिचित्र. यांत जे काही असतं ते वाक्यांच्या चालीत असतं. त्याचे पाच मुद्दे काढले की हातात पाच मुद्दे राहतात, लेख राहत नाही.

आता काय करायचं ते. सुरुवात जुन्या ढिगापासून करू नका, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे. एकेक लेख उघडून ‘ठेवू की काढू’ ठरवायला अर्धं मिनिट धरलं तरी ९०० लेखांना साडेसात तास लागतात, आणि त्या साडेसात तासांत वाचून एकही होत नाही. बहुतेकांचा उत्साह शंभराव्या लेखाशी संपतो आणि ढीग पुन्हा वाढू लागतो. त्याऐवजी कागद-पेन घ्या आणि यादी न उघडता, जे लेख वाचायचे राहिले म्हणून मनाला खरोखर लागलं आहे ते आठवून लिहा. नाव आठवायची गरज नाही. ‘तो कोकणातल्या खाजण जमिनींवरचा’ एवढं पुरे. पाच आठवतील, फार तर दहा. तेवढे शोधून काढा. बाकीचा सगळा साठा एका फाइलमध्ये उतरवा, नावात आजची तारीख घाला, आणि संगणकाच्या एका कोपऱ्यात ठेवून ॲपमधली यादी रिकामी करा. ग्रंथालयांना हे पाप वाटत नाही. निरुपयोगी झालेली पुस्तकं बाद करण्याची पद्धत ग्रंथालयशास्त्रात रीतसर शिकवतात, आणि ग्रंथ वापरासाठी असतात हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या नियमांतला पहिलाच नियम आहे. इथे तर काही फेकायचंही नाही, फक्त नजरेआड करायचं आहे.

मग दार अरुंद करा. गेल्या चार आठवड्यांत खरोखर किती लेख वाचून झाले ते प्रामाणिकपणे मोजा. आठवड्याला ३ असतील तर यादीची मर्यादा १२. तेरावा आत घ्यायचा तर बारांतला एक आधी बाहेर, वाचून किंवा न वाचता. साठवण्याआधी पहिले दोन परिच्छेद तिथल्या तिथे वाचा. निम्मे लेख त्यातच गळतात, कारण बोलावणारं शीर्षक असतं आणि आत फारसं काही नसतं. जो उरेल त्याच्यापुढे एक ओळ लिहा, हा का हवा आहे. ओळ सुचत नसेल तर लेखही नको. घरच्या गटातून आलेल्या लिंकांचं काय करायचं हा नाजूक प्रश्न आहे, कारण त्या आपण लेखासाठी साठवत नाही, काकांचं मन राखण्यासाठी साठवतो. तिथे ‘वाचते हं’ म्हणण्याऐवजी ‘काका, तुम्हाला त्यातलं काय आवडलं?’ असं विचारावं. काकांनी वाचला असेल तर चार वाक्यांत खरा लेख कळतो आणि संभाषणही होतं. त्यांनी वाचला नसेल तर दोघांचीही सुटका होते.

यादीतल्या प्रत्येक लेखाला परतीची तारीख द्या, पंधरा दिवस. फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका किंवा लेखाच्या नावापुढे लिहा. एकदा मुदत वाढवून घ्यायला हरकत नाही, वाचनालयही देतं. दुसऱ्यांदा तारीख उलटली की लेख काढून टाकायचा, मग तो कितीही चांगला असो. चांगल्या लेखाचीच यात हानी होईल, असं वाटेल. पण महिनाभरात दोन तारखा चुकवलेला लेख सहा महिन्यांनी हाती घेतला जाण्याची शक्यता किती, ते कुपनांनी सांगितलं आहेच. तारीख लावण्याचा आणखी एक उपयोग आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत दिसलं की अपुरं राहिलेलं काम मनात घोळत राहून दुसऱ्या कामात व्यत्यय आणतं. पण ते कधी, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत आखला की काम पुरं न होताही तो व्यत्यय थांबतो. ‘शनिवारी दुपारी, जेवणानंतर, गॅलरीत’ असं ठरलेला लेख डोक्यावर बसत नाही. जमलं तर त्या वेळेपुरतं फोनचं इंटरनेट बंद ठेवा, किंवा लांबलचक लेख सरळ छापून घ्या. आठ पानांच्या कागदाला निदान सूचना येत नाहीत.

ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसायच वाचनाचा आहे, म्हणजे संशोधक, पत्रकार, अनुवादक, त्यांना बाराची मर्यादा जाचेल, आणि त्यांनी ती पाळूही नये. त्यांचा बहुतेक मजकूर संदर्भात मोडतो. त्यांनी झोटेरोसारखं साधन वापरावं, जे लेखाची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवतं. मात्र कामासाठीचं आणि आवडीचं यांची सरमिसळ त्यांच्याकडे सर्वांत जास्त होते, तेव्हा आवडीच्या लेखांना हाच नियम त्यांनीही लावावा.

आणि वाचून झाल्यावर कात्रण. आता साठवा, आता त्याला अर्थ आहे. वाचलेल्या दहा लेखांतले एखाददोन ठेवण्यासारखे निघतात. त्यांची पीडीएफ करा, नावात तारीख, लेखक आणि विषय देवनागरीत घाला, आणि ज्या वाक्याने थांबवलं ते वाक्य वर लिहून ठेवा. हेंकेल यांच्या अभ्यासातला जवळून घेतलेला फोटो तो हाच. मूळ पान जगाच्या दृष्टीनेही राहावं असं वाटत असेल तर १९९६ पासून काम करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याचा पत्ता देऊन प्रत करून ठेवता येते. मराठी ब्लॉग आणि पुरवण्यांतले लेख ज्या वेगाने नाहीसे होत आहेत ते पाहता, चांगल्या मराठी मजकुरासाठी हे दोन मिनिटांचं काम जरूर करावं.

राहिली ती कोपऱ्यातली जुनी फाइल. दिवाळीआधी घराची झाडलोट होते तेव्हा तिची आठवण करावी आणि नावातली तारीख पाहावी. वर्षभरात ती एकदाही उघडली नसेल तर पुसून टाकावी. उघडली असेल, तर कोणत्या लेखासाठी ते आठवून तेवढा एक बाहेर काढावा, त्याला पंधरा दिवसांची तारीख लावावी, आणि मग बाकीची पुसावी.